घरातल्या रोपांसाठी एलईडी दिवे: आधी ट्रे मोजा, मग दिवे घ्या

रोहिणी लागायच्या आधी मिरचीचं बी टाकायचं म्हटलं की विदर्भात पहिली अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वाफ्यातली माती हाताला चटका देते आणि हिरव्या जाळीखाली ठेवलेल्या ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)सुद्धा दुपारच्या गरम वाऱ्यात दोन-तीन तासांत सुकतं. जुलैत याच्या उलट. चार-चार दिवसांची झड लागली की रोपांना ऊन मिळत नाही, वाफा चिखल होतो आणि बुडाशी काळी पडून रोपं आडवी होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या आसपास आला की उन्हाळी भेदरं (टोमॅटो)-मिरचीचं बी मातीत पडून राहतं, उगवत नाही.

या तिन्ही वेळी घरातल्या एखाद्या खोलीत उगवण चांगली होते. अडतं ते उजेडाशी. मातीच्या किंवा कौलारू घराच्या लहान खिडकीजवळ दिवसा बाहेरच्या उजेडाचा एखाद-दुसरा टक्काच आत येतो. आपल्या डोळ्याला तो पुरेसा वाटतो, रोपाला मात्र तो अंधारच. म्हणून दिवे लागतात.

कोणाला लागत नाहीत तेही आधीच सांगायला हवं. पोळ्यानंतर टाकायची कोबी-फुलकोबी, फेब्रुवारी-मार्चमधली रोपं यांना दिव्यांची गरज नाही. पाऊस ओसरलेला असतो, ऊन भरपूर आणि सोसणारं असतं, ५० टक्के सावलीची जाळी पुरते. तसंच एकरभर लागवड असेल तर दिव्यांच्या भानगडीत पडू नका. वांगं ९० बाय ६० सेंटीमीटरवर लावलं तर एकरी सुमारे ७,४०० रोपं लागतात, म्हणजे ९८ खाचांचे ७६ ट्रे. तेवढ्या ट्रेंना पुरतील इतके दिवे लावण्यापेक्षा चांगल्या रोपवाटिकेतून रोपं घेणं स्वस्त पडतं. दिवे कामाचे आहेत ते परसबागेला, दोन-चार गुंठ्यांच्या भाजीला, घरच्या जुन्या वाणाचं बी जपणाऱ्याला, वावरातल्या तुटी भरायला आणि हंगामात रोपं विकणाऱ्या बचत गटाला. या लेखातलं सगळं माप चार ट्रेंचं आहे: ३९२ खाचा, म्हणजे वांग्याचे जेमतेम दोन गुंठे.

रोपाला किती उजेड लागतो

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती वॅटचा देऊ?’ वॅटवरून फक्त दिवा किती वीज खातो ते कळतं. ल्युमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं ठरवलेली आहेत. रोप ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींमधला उजेड अन्न बनवायला वापरतं, आणि तो एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतो ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. चांगल्या दिव्याच्या खोक्यावर पीपीएफडी या नावानं जो आकडा असतो, तो हाच.

उगवून आलेल्या मिरची, वांगी, टोमॅटोच्या रोपाला पानाच्या उंचीवर २०० ते २५० मायक्रोमोल, रोज १४ ते १६ तास मिळाले की रोप आखूड, जाड खोडाचं आणि गर्द हिरवं होतं. कोबीवर्गाचं १५० वरही भागतं. उगवणीनंतरचे पहिले तीन-चार दिवस १०० ते १५० पुरे. २०० मायक्रोमोल १६ तास म्हणजे दिवसाला सुमारे साडेअकरा मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल), आणि हाच खरा हिशेब आहे: उजेड थोडा कमी असेल तर तास वाढवून भरपाई होते. मात्र ५० मायक्रोमोलचा उजेड २४ तास दिला तरी भागत नाही. टोमॅटोला तर सलग २४ तास उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात. दिवसात निदान सहा तास अंधार हवाच.

मायक्रोमोल मोजायचं यंत्र महाग असतं, ते घेऊ नका. फोनमध्ये लक्स मोजणारं ॲप मोफत मिळतं. पांढऱ्या थंड रंगाच्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला ६८ ते ७० नं भागलं की ढोबळ मायक्रोमोल मिळतात. म्हणजे २०० मायक्रोमोलसाठी १३ ते १४ हजार लक्स दिसायला हवेत. फोन पानांच्या उंचीवर आडवा, पडदा वर करून ठेवायचा आणि वर वाकून आपली सावली पडू द्यायची नाही. फोनाफोनांत फरक असतो, त्यामुळे आकडा देववाक्य समजू नका. मांडणीतली मधली जागा आणि कोपरे यांची तुलना करायला मात्र तो फार उपयोगी आहे. उघड्यावर भरदुपारी एक लाख लक्सच्या आसपास ऊन असतं, म्हणजे जवळपास २,००० मायक्रोमोल. घरातल्या रोपाला आपण त्याचा दहावा भाग देतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, रोप बाहेर काढताना हाच फरक जिवावर येतो.

कोणता दिवा घ्यावा

चार ट्रेंसाठी, वर्षातून दोन-तीनदा रोपं काढणाऱ्यांनी घरगुती पांढऱ्या एलईडी ट्यूबपट्ट्या घ्याव्यात, ४ फुटी, २० वॅटच्या, ६५०० केल्विन लिहिलेल्या. यालाच दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणतात. तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात, एक बिघडली तर तेवढी एकच बदलता येते. नग साधारण २०० ते ३०० रुपयांना पडतो. खोक्यावर ल्युमेन बघा: २० वॅटला २,००० ल्युमेन किंवा जास्त हवेत. १,६०० लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहून घ्या.

एका ट्रेला दीड ट्यूब, म्हणजे ३० वॅट, हा हिशेब धरा. चार ट्रेंना सहा ट्यूब, १२० वॅट. बाजूंना पांढरं आवरण लावणार नसाल तर ट्रेला दोन ट्यूब लागतील.

‘वार्म’ लिहिलेल्या पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनच्या ट्यूब याच कामाला घेऊ नका. त्यांच्या उजेडात निळा भाग कमी असतो, आणि खोड आखूड ठेवायचं काम निळाच करतो.

बाजारात जांभळा उजेड देणारे लाल-निळे दिवे ‘रोपांचे खास दिवे’ म्हणून विकले जातात. त्यांच्याखाली रोप वाढतं, खोटं नाही. पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय, देठ काळा पडलाय की मावा आलाय, काहीच दिसत नाही. सगळी रोपं काळपट दिसतात. रोपाची तब्येत डोळ्यानं ओळखायची असते, आणि नवख्या माणसाला तर तेवढाच एक आधार असतो. पांढऱ्या एलईडीत आत निळा चिपच असतो, वरच्या लेपामुळे त्याचा पांढरा उजेड होतो, त्यामुळे रोपाला लागणारा लाल आणि निळा दोन्ही त्यात असतात.

चिमट्यानं अडकवायचे, फोनच्या चार्जरवर चालणारे वाकड्या मानेचे दिवे कुंडीतल्या एखाद्या झाडाला ठीक. एक पूर्ण ट्रे त्यावर होत नाही. घरातला ९ वॅटचा बल्बही तसाच. त्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि ट्रेवर बराच कमी पडतो.

उरला तो सपाट पॅनल. चांगल्या पॅनलमध्ये एका वॅटला अडीच मायक्रोमोल उजेड निघतो, साध्या ट्यूबमध्ये दीडच्या आसपास. म्हणजे सहा ट्यूबचं १२० वॅटचं काम चांगला पॅनल साधारण ७० वॅटमध्ये करतो. १६ तास, २५ दिवस चालवला तर एका खेपेला २० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर १६० रुपये. पॅनलला काही हजार रुपये पडतात, त्यामुळे वर्षाला दोन खेपा काढणाऱ्याचे पैसे निघायला फार वर्षं जातात. बचत गट वर्षभर एकामागून एक खेपा काढत असेल तर पॅनलच घ्यावा.

पॅनल घेताना मोठी फसवणूक होते ती वॅटची. खोक्यावर ठळक ‘१००० वॅट’ आणि आत बारीक अक्षरात ‘प्रत्यक्ष वापर १०० वॅट’. कधी तेही लिहिलेलं नसतं. याची तपासणी घरच्या मीटरवर होते, फुकटात. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातलं फ्रिज, पंखा, चार्जर सगळं बंद करा. एकटा नवा दिवा लावा आणि घड्याळ लावून ६ मिनिटांत लाल दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. ३२०० च्या मीटरवर ३२ वेळा म्हणजे १०० वॅट, १६ वेळा म्हणजे ५० वॅट. १६०० च्या मीटरवर हेच आकडे निम्मे होतात. ‘१००० वॅट’ वाला दिवा खरा असता तर ३२०० च्या मीटरवर ६ मिनिटांत ३२० वेळा लुकलुकायला हवं होतं.

मांडणी

किराणा दुकानात असतो तसा छिद्रांच्या अँगलचा लोखंडी रॅक, ४ फूट लांब आणि २ फूट रुंद, सगळ्यात सोयीचा. बांबूचाही चालतो. ९८ खाचांचा ट्रे साधारण ५४ बाय २८ सेंटीमीटरचा असतो. त्याची अरुंद बाजू रॅकच्या लांबीकडे केली की चार ट्रे शेजारी-शेजारी बरोबर बसतात.

सहा ट्यूब एका प्लायवूडच्या पट्टीवर किंवा दोन लाकडी दांड्यांवर साधारण ११ सेंटीमीटर अंतरानं आडव्या बसवा. कडेच्या दोन ट्यूब ट्रेच्या काठाच्या अगदी वर येऊ द्या, कारण कडांना उजेड नेहमी कमी पडतो. ट्यूब सरळ छताला ठोकू नका. हा सांगाडा दोन्ही टोकांना साखळी आणि एस हुकनं टांगा. रोप रोज वाढतं, दिवा त्याच्याबरोबर एकेक कडी वर गेला पाहिजे. पानाच्या शेंड्यापासून ट्यूब १० ते १५ सेंटीमीटरवर. पॅनल असेल तर सुरुवातीला ४५ ते ६० सेंटीमीटरवर, मंद करायचं बटण असेल तर निम्म्यावर.

रॅकच्या तीन बाजूंना पांढरं काहीतरी लावा. जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ उत्तम. मागे भिंत असेल तर तिला चुना मारा. चुन्याची भिंत उजेड छान परतवते. चौथी बाजू हवेसाठी उघडी. थर्माकोल लावू नका, वायर तापली तर तो लगेच पेटतो.

विजेचं काम स्वतः करत असाल तर एवढं बघा. बोर्ड ट्रेच्या पातळीच्या वर असावा. बोर्डाकडे जाणारी वायर आधी खाली झुकून मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल. लोखंडी रॅकला अर्थिंग द्या. प्लग तीन पिनांचा. गावात व्होल्टेज १६० पर्यंत उतरतं आणि लाइन परत येताना झटका बसतो, म्हणून दिव्यावर १०० ते ३०० व्होल्ट असा पल्ला लिहिलेला पाहून घ्या. मृगात विजा कडाडायला लागल्या की प्लगच काढून ठेवा.

दिवे टिनाच्या छताला लागून असलेल्या माळ्यावर लावू नका. एलईडी गरम होत नाही हा समज चुकीचा आहे. १२० वॅटचा दिवा तेवढीच उष्णता शेवटी खोलीत सोडतो, फक्त ती रोपावर थेट न पडता दिव्याच्या पाठीकडून जाते. पाठीमागे हवा खेळली नाही तर आधी त्यातला ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) जळतो. ट्यूब आणि वरची फळी यांच्यात दोन बोटं जागा ठेवा.

टायमर घेताना चुकू नका. चाकाचा, खिळ्या असलेला स्वस्त टायमर लाइन गेली की थांबतो आणि आली की तिथून पुढे सुरू होतो. आठवड्यात त्याची वेळ पाच-सहा तास मागे पडते. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

वेळ हंगामाप्रमाणे ठेवायची. मे-जूनमध्ये दिवे संध्याकाळी ७ ला लावून सकाळी ११ ला बंद करा. दुपारची भट्टी पेटलेली असताना दिव्यांची उष्णता त्यात भर घालत नाही, आणि रोपाच्या दृष्टीनं रात्र-दिवस हा फक्त आपण ठरवलेला क्रम आहे. हिवाळ्यातही रात्रीच लावा, तेव्हा हीच उष्णता ट्रेच्या भोवती राहते आणि उपयोगी पडते. चार तास लाइन गेली म्हणून रोप मरत नाही. तेवढे तास पुढे वाढवा, पण सहा तासांचा अंधार खाऊ नका. यासाठी वेगळा इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही. शेतातल्या खोलीत मात्र हा खटाटोप करू नका, पंपाची लाइन पाळीनं येते आणि १६ तास जुळत नाहीत.

खर्चाचा अंदाज: १२० वॅट गुणिले १६ तास, दिवसाला जवळपास २ युनिट, २५ दिवसांना ४८. ८ रुपये दरानं ३८४ रुपये, म्हणजे रोपामागे एक रुपया. मिरचीला दिवस जास्त लागतात, तिथे थोडा जास्त धरा. बिल १०० युनिटच्या पुढे गेलं की वरच्या युनिटना चढा दर लागतो, त्यामुळे आपला महिन्याचा वापर आधी बघून घ्या.

बी टाकण्यापासून दिव्याखाली जाईपर्यंत

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून ८ ते ९ लिटर होते. दोन विटांत चार ट्रे भरून थोडं उरतं. भिजवलेलं कोकोपीट दोनदा पिळून धुवा, त्यात मीठ असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी मुळातच खारं. त्या पाण्यानं धुऊन काही साधत नाही, आणि तेच पाणी रोज घातलं तर आठवड्यात पानांच्या कडा करपतात. तिथे साठवलेलं पावसाचं किंवा नळयोजनेचं गोडं पाणी वापरा. चार ट्रेंना पाणी फार लागत नाही.

ओल्या कोकोपीटच्या किलोला ३ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी मित्रबुरशी) मिसळा. रंगीत लेप असलेलं पाकिटातलं बी आधीच औषध लावलेलं असतं, त्याला पुन्हा काही लावू नका. घरच्या बियाण्याला किलोला ५ ग्रॅम या हिशेबानं, म्हणजे पाकिटाएवढ्या बियाण्याला चिमूटभर ट्रायकोडर्मा पुरतो.

खाचा भरा, दाबू नका. बोटाच्या टोकानं अर्धा ते एक सेंटीमीटर खळी करा, एका खाचेत एक बी, वरून कोकोपीट. हलकं पाणी. मग चारही ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं गुंडाळा. हिवाळ्यात वरून बारदान टाका आणि स्वयंपाकघराच्या उबेत ठेवा. या दिवसांत उजेड अजिबात लागत नाही, दिवे लावून वीज घालवू नका. २५ ते ३० अंशांत टोमॅटो चार-पाच दिवसांत, वांगं पाच-सात, मिरची सहा ते दहा दिवसांत वर येते. मे महिन्यात खोली ३५ च्या वर गेली तर टोमॅटोची उगवण घटते, तेव्हा ट्रे कूलरच्या खोलीत पण कूलरच्या झोतापासून दूर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची वेळ. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ प्लॅस्टिक उचलून बघा. आधी कोकोपीटला बारीक भेगा दिसतात, मग त्यातून पांढरट-हिरवी वाकलेली मान डोकावते. पाच खाचांपैकी एकीत अशी मान दिसली की त्याच तासाला सगळे ट्रे दिव्याखाली. ‘उद्या सगळं उगवेल, मग काढू’ असं केलं की अंधारात रात्रीतून मान चार-पाच सेंटीमीटर लांबते, दोऱ्यासारखी होते आणि मग कितीही उजेड दिला तरी आखडत नाही. रोपं लेचीपेची झाल्याच्या तक्रारींत दिव्याचा दोष थोडा आणि या एका उशिराचा जास्त असतो.

दिव्याखालचे दिवस

पाणी खालून द्या. पसरट भांड्यात बोटभर पाणी घेऊन ट्रे १५-२० मिनिटं त्यात ठेवा, मग निथळू द्या. ट्रे उचलून वजन पाहायची सवय लावा. ओल्या आणि सुक्या ट्रेच्या वजनातला फरक दोन दिवसांत हाताला कळतो. वरचा थर सुकलेला दिसला म्हणजे पाणी हवंच असं नाही.

कोकोपीटमध्ये अन्न नसतं. दहाव्या-बाराव्या दिवशी पहिलं खरं पान आलं की १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुढे २ ग्रॅम.

लहान टेबल फॅन सगळ्यात कमी वेगावर, रोपं किंचित हलतील इतकाच, दिवसाला तीन-चार तास. हलणाऱ्या रोपाचं खोड जाड होतं आणि पानांवरचा ओलावा उडतो. फॅन नसेल तर तळहात रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरवा, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. ट्रे दोन दिवसांनी जागा बदलून फिरवा, कडेचे मध्ये आणि मधले कडेला.

पहिल्या पावसानंतर रात्रीच्या उजेडाकडे पाखरं धावतात. खिडकीला बारीक जाळी नसेल तर पान खाणाऱ्या अळ्यांची अंडी घरातल्या रोपांवर पडतात. मुंग्या बी उचलून नेतात, त्यासाठी रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवा.

बिघडलं तर कशामुळे

रोप लांब, फिकट, एका बाजूला कललेलं असेल तर उजेड कमी आहे. दिवा एक-दोन कड्या खाली घ्या आणि फोननं कोपरे मोजा. मध्ये १४ हजार आणि कोपऱ्यात ६ हजार लक्स असेल तर बाजूचं पांढरं आवरण नीट नाही.

पानाच्या कडा वर वळून पान द्रोणासारखं होत असेल, शेंड्याची पानं पांढुरकी होत असतील, तर उजेड किंवा उष्णता जास्त आहे. तळहात पालथा करून पानांच्या उंचीवर मिनिटभर धरा. ऊब जाणवली तर दिवा वर घ्या. ऊब नसून पान पांढरं पडत असेल तर उंची तीच ठेवून तास दोननं कमी करा.

खालची पानं एकसारखी पिवळी होत असतील तर भूक आहे, खत द्या. टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळी झाली तर बहुतेक वेळा खोली गार आहे, मुळांना स्फुरद ओढता येत नाही. खत वाढवण्याआधी ट्रेला ऊब द्या.

आणि मर. संध्याकाळी ठीक दिसलेलं रोप सकाळी आडवं, बुडाशी खोड चिमटीत धरल्यासारखं बारीक आणि तपकिरी. ही बुरशी दिव्यामुळे येत नाही, सततच्या ओलाव्यामुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे येते. झडीच्या दिवसांत आणि कूलरच्या दमट खोलीत जास्त. मेलेली रोपं खाचेतल्या कोकोपीटसकट काढून घराबाहेर टाका, दोन दिवस पाणी बंद, फॅन वाढवा. आडवं झालेलं रोप उभं राहत नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका. पुढच्या खेपेला ट्रे वापरण्याआधी ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा.

बाहेर काढताना

टोमॅटो आणि कोबीवर्ग २१ ते २५ दिवसांत, वांगं ३० ते ३५, मिरची ३५ ते ४० दिवसांत तयार होते. यातले शेवटचे सात-आठ दिवस बाहेरचे असतात. २०० मायक्रोमोलवर वाढलेलं रोप एकदम २,००० च्या उन्हात ठेवलं की दोन तासांत पान कागदासारखं पांढरं होतं. हिरवीगार दिसणारी रोपं वावरात नेऊन संध्याकाळपर्यंत जळण्याचं कारण हेच.

पहिले दोन दिवस ट्रे कडुनिंबाच्या दाट सावलीत, फक्त सकाळी ७ ते ९. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिवसभर सावलीत आणि सकाळचं एक तास कोवळं ऊन. पाचव्या-सहाव्या दिवशी ५० टक्क्यांच्या जाळीखाली, रात्रीही बाहेर. सातव्या-आठव्या दिवशी सकाळी ११ पर्यंत उघडं ऊन. या आठवड्यात खत बंद आणि पाणी निम्मं, पण पान कोमेजू द्यायचं नाही. मिरची-टोमॅटोवर बाहेर येताच पांढरी माशी आणि फुलकिडे बसतात आणि पानं मुरडणारा बोकड्या रोग तिथूनच सुरू होतो, म्हणून ट्रेवर ४० मेशची कीटकजाळी कमानीवर ताणून ठेवा.

जूनमध्ये मात्र दिनदर्शिकेपेक्षा आभाळ बघा. मृग कोरडा गेला आणि उन्हाचा कडाका तसाच राहिला तर रोपं जाळीखालीच आणखी चार दिवस थांबवा. लावणीला चांगली ओल आणि ढगाळ संध्याकाळ मिळाली की ट्रेला सकाळी पाणी द्या, खाचेच्या बुडाला बोटानं वर ढकला आणि मुळांनी धरलेला गोळा न फोडता रोप खाचेत होतं तेवढ्याच खोलीवर लावा. टोमॅटो थोडा खोल लावला तरी चालतो, त्याच्या खोडालाच मुळं फुटतात.